पाणी लांब असलं की घरात नेमकं काय कमी पडतं?

डोक्यावर भांडी घेऊन रांगेनं चालणाऱ्या बायकांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांत कष्ट दिसतात, पण कष्टांचा हिशेब दिसत नाही. किती लिटर, किती फेऱ्या, किती वेळ, घरी पोचलेल्या पाण्यात कोणती कामं झाली आणि कोणती राहून गेली, हे कळल्याशिवाय ही पायपीट माणसांकडून काय हिरावून घेते ते समजत नाही. ती कमी कशी करायची, हेही ठरवता येत नाही.

सुरुवात एका फेरीपासून करू. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. जगात अनेक ठिकाणी पाणी वाहतात ते २० लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. भरला की त्याचं वजन कॅनसकट २१ किलोच्या आसपास जातं. पाणवठा घरापासून एक किलोमीटरवर आहे असं धरा. रिकामा कॅन घेऊन जाताना ताशी साडेचार किलोमीटरच्या चालीनं १३ मिनिटं लागतात. भरलेला घेऊन येताना चाल ताशी तीन किलोमीटरवर येते, म्हणजे २० मिनिटं. रांग आणि भरणं दहा मिनिटांत उरकलं, तर एक फेरी ४३ मिनिटांची झाली. यात चढ धरलेला नाही, चिखल नाही, की वाटेत टेकायला थांबणं नाही.

सहा माणसांच्या घराला माणशी २० लिटर द्यायचे तर १२० लिटर लागतात. म्हणजे सहा फेऱ्या, म्हणजे रोजचे सव्वाचार तास. एवढ्या फेऱ्या रोज कुणाच्यानं होत नाहीत. दोन होतात, फार तर तीन. घरात ४० ते ६० लिटर येतात आणि माणशी वाट्याला येतात सात ते दहा लिटर. म्हणून पाणी लांब असलं की माणसं जास्त चालतात, हे अर्धंच खरं आहे. ती जास्त चालतात आणि तरीही कमी पाण्यात भागवतात. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे, आणि जनजागृतीच्या मोहिमांमध्ये नेमका हाच भाग निसटतो.

अंतर आणि वापर यांचं नातं सरळ रेषेत चालत नाही. घरात किंवा अंगणात नळ असेल तर माणशी वापर साधारण ५० लिटरपर्यंत जातो, घरभर नळ असतील तर १०० लिटर आणि त्यापुढे. नळ अंगणाबाहेर गेला की वापर एकदम घसरतो. १०० मीटर ते १ किलोमीटर या टप्प्यात तो २० लिटरच्या आसपास स्थिरावतो. जाऊन-येऊन फेरी पाच मिनिटांची असो की पंचवीस, फारसा फरक पडत नाही. फेरी अर्ध्या तासाच्या किंवा अंतर एक किलोमीटरच्या पुढे गेलं की दुसरी घसरण सुरू होते आणि वापर पाच लिटरच्याही खाली जाऊ शकतो.

यातून एक अवघड गोष्ट निघते. विहीर जवळ आणून पंचवीस मिनिटांची फेरी दहा मिनिटांची केली, तर बाईचा वेळ नक्की वाचतो आणि ते स्वतःच मोठं काम आहे. पण घरातलं पाणी त्यानं फारसं वाढेलच असं नाही. पाणी खऱ्या अर्थानं वाढतं ते नळ अंगणात आला की.

सात लिटरमध्ये काय होतं आणि काय होत नाही?

आपत्तीच्या काळात मदतकार्यासाठी जगभर जी स्फिअर मानकं वापरतात, त्यांत जगण्यापुरत्या पाण्याचा हिशेब दिलेला आहे. पिण्यासाठी आणि अन्नातून मिळून माणशी २.५ ते ३ लिटर, स्वयंपाकाला ३ ते ६ लिटर, अगदी मूलभूत स्वच्छतेला २ ते ६ लिटर. बेरीज ७.५ ते १५ लिटर. छावणीतल्या माणसालाही रोज किमान १५ लिटर मिळावेत आणि पाणी ५०० मीटरच्या आत असावं, असं ही मानकं सांगतात. म्हणजे लांबून पाणी आणणारी अनेक घरं रोजच आणीबाणीच्या मापात जगत असतात. त्यांच्यावर आपत्ती आली असं कुणी जाहीर केलेलं नसतं, एवढाच फरक.

पाणी कमी पडलं की घर आपोआप क्रम लावतं. पिणं आणि स्वयंपाक शेवटपर्यंत टिकतात. आधी जातं ते हात धुणं, मग मुलांची तोंडं धुणं, मग अंघोळ, कपडे, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता. यात बाहेरून काहीच दिसत नाही. शौचानंतर आणि जेवणाआधी हात धुवायचे हे त्या घरातल्या बाईला माहीत नसतं असं नाही. २० मिनिटं वाहून आणलेल्या पाण्यातला अर्धा लिटर कशावर खर्च करायचा, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. हात धुण्याचे धडे देणारी मोहीम अशा ठिकाणी का फसते, याचं कारण हेच.

याचे परिणाम आजारांत दिसतात. पाणी दूषित असल्यामुळे होणारे आजार सगळ्यांना ठाऊक असतात. पाणी अपुरं असल्यामुळे होणाऱ्या आजारांचा गट वेगळा आहे: खरूज, त्वचेचे संसर्ग, आणि खुपरी म्हणजे ट्रॅकोमा. ट्रॅकोमात पापणीच्या आतल्या बाजूला पुन्हा पुन्हा संसर्ग होतो, व्रण धरतो, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासून दृष्टी जाते. त्याविरुद्ध जागतिक आरोग्य संघटना शस्त्रक्रिया आणि औषधांच्या जोडीला चेहरा स्वच्छ ठेवण्यावर भर देते, आणि त्यासाठी घरात पाणी लागतं. अतिसाराचा बराचसा भागही न धुतलेल्या हातांतून पसरतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या २६ देशांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यापर्यंतची एका बाजूची चाल १५ मिनिटांनी कमी असली, की लहान मुलांमधल्या अतिसाराचं प्रमाण सरासरी ४१ टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालील मृत्यूंचं प्रमाण ११ टक्क्यांनी कमी आढळतं, असं त्यात दिसलं.

अर्ध्या तासाची रेषा

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगातल्या पाणीपुरवठ्याची मोजणी करतात. त्यांच्या शिडीला पाच पायऱ्या आहेत. सर्वांत वर ‘सुरक्षित व्यवस्थापित’ पाणी: घरातच, हवं तेव्हा, दूषित नसलेलं. त्याखाली ‘मूलभूत’: सुधारित स्रोत, म्हणजे नळ, बोअरवेल, बांधून झाकलेली विहीर किंवा झरा, आणि जाणं-येणं-रांग मिळून ३० मिनिटांच्या आत. स्रोत तसाच चांगला, पण फेरी ३० मिनिटांच्या वर, तर ‘मर्यादित’. मग उघडी विहीर किंवा उघडा झरा, आणि तळाला नदी, तळं, डबकं, कालवा. २०२२ च्या आकडेवारीत २२० कोटी माणसांना सर्वांत वरची पायरी मिळालेली नव्हती. त्यांपैकी २९.२ कोटी ‘मर्यादित’ पायरीवर होती, २९.६ कोटी उघड्या विहिरी-झऱ्यांवर आणि ११.५ कोटी थेट नदी-तळ्यांवर.

ही मोजणी उपयोगाची आहे, पण तिच्यातली एक खोच लक्षात ठेवायला हवी. ३० मिनिटं ही एका फेरीची मर्यादा आहे. २८ मिनिटांची फेरी दिवसातून पाच वेळा करणाऱ्या बाईचे रोज दोन तास वीस मिनिटं जातात, आणि तरी तिचं घर ‘मूलभूत सेवा मिळालेलं’ असं नोंदलं जातं. शिवाय पाहणी वर्षातल्या एखाद्याच दिवशी होते. पावसाळ्यात दारापाशी वाहणारा झरा कोरड्या महिन्यांत आटतो, तेव्हाची वाट कागदावर येतच नाही. म्हणून कुठल्याही आकड्यासमोर आधी दोन प्रश्न विचारावेत: रोजच्या फेऱ्या किती, आणि हे कोणत्या महिन्यातलं आहे? ‘सरासरी सहा किलोमीटर’ असं वाक्य मोहिमांमध्ये सर्रास वापरलं जातं. पण दोन किलोमीटरची चढण तीन वेळा चढणं आणि सपाटीवर एकदाच सहा किलोमीटर जाऊन येणं, ही दोन वेगळी आयुष्यं आहेत.

हे ओझं कोणावर पडतं, तेही त्याच मोजणीत आहे. १८० कोटी माणसांच्या घरात किंवा आवारात पाणी नाही. अशा १० पैकी ७ घरांत ते आणण्याची जबाबदारी १५ वर्षांवरील बायका-मुलींवर आहे. जगभरात बायका आणि मुली मिळून यावर रोज २० कोटी तास घालवतात, असा अंदाज युनिसेफनं २०१६ मध्ये मांडला होता. डोक्यावर वजन वाहणाऱ्यांमध्ये मानेचं आणि हातांचं दुखणं जास्त आढळतं, हे दक्षिण आफ्रिका, घाना आणि व्हिएतनाममधल्या अभ्यासांतून समोर आलं आहे. गरोदरपणात, बाळंतपणानंतर, आजारपणातही फेरी चुकत नाही. बाई उठू शकली नाही तर तिची मुलगी जाते आणि त्या दिवशी तिची शाळा बुडते.

वाचलेल्या वेळाचं काय होतं, याविषयी एक अभ्यास फार बोलका आहे. मोरोक्कोतल्या टँजिअर शहरात, सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्या घरांना कर्जाच्या सोयीनं घरात नळजोडणी मिळाली. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आधीचंही पाणी शुद्धच असल्यामुळे आजारांत फरक दिसला नाही, उत्पन्नही वाढलं नाही. पण लोकांना विसावा मिळाला, भेटीगाठींना वेळ मिळाला, पाण्यावरून होणारी भांडणं कमी झाली आणि माणसं जास्त समाधानी झाली. वाचलेल्या वेळात बाईनं काही कमावलं तरच योजना यशस्वी, असा हट्ट आम्हाला मान्य नाही. दमलेल्या माणसाला बसायला मिळणं हासुद्धा फायदाच आहे.

जवळचं पाणी चांगलंच असतं असं नाही

अनेक घरं जवळचं पाणी ओलांडून लांब जातात, आणि त्याला कारण असतं. बांगलादेशात जंतूंपासून सुटका म्हणून लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. १९९० च्या दशकात कळलं की त्यांतल्या बऱ्याच पाण्यात जमिनीतलंच आर्सेनिक आहे. मग नळ्या तपासून रंगवल्या: तिथल्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर लाल, खाली असेल तर हिरवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आणखी कडक आहे, १० मायक्रोग्रॅम. लाल नळी दारात असली तरी पिण्याचं पाणी हिरव्या नळीवरूनच आणावं लागतं. असं पाणी उकळून उपयोग नाही; उकळल्यानं जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. पाण्याची वाफ होऊन गेली की उरलेल्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. फ्लोराइडचंही तसंच आहे. त्याची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम.

उलट बाजूही आहे. लांबच्या शुद्ध स्रोतावरून आणलेलं पाणी घरी पोचेपर्यंत किंवा घरात साठवताना पुन्हा दूषित होतं. रुंद तोंडाच्या भांड्यात हात बुडतो, पेला बुडतो, आतल्या बाजूला शेवाळी थर धरतो. कॅनचं तोंड बंद करायला पानांचा बोळा कोंबला जातो. यावरचा उपाय साधा आहे: अरुंद तोंडाचं, घट्ट झाकणाचं भांडं, आणि घरातल्या साठवणीला खाली तोटी. भांडं आतून घासायला मूठभर स्वच्छ खडे आणि थोडं पाणी घालून जोरात हलवतात, म्हणजे कोपऱ्यांतला थरही निघतो.

क्लोरीन घालायचं तर स्रोतापाशीच घालणं चांगलं, कारण घरी चालत येतानाचा वेळ आपोआप कामी येतो. १.२५ टक्के ताकदीचं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण असेल तर २० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला ३ मिलिलिटर पुरतं. त्यानं लिटरला साधारण १.९ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. गढूळ पाण्याला दुप्पट, पण आधी कापडातून गाळून आणि निवळू देऊन. मग ३० मिनिटं थांबायचं. चोवीस तासांनंतरही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. नसेल तर मात्रा कमी पडली, भांडं घाण होतं किंवा द्रावण जुनं झालं होतं. उन्हात ठेवलेल्या द्रावणाची ताकद लवकर उतरते, त्यामुळे ते सावलीत, अपारदर्शक बाटलीत ठेवावं लागतं.

रांग कुठून येते

पाणवठा जवळ असूनही वेळ जातो, तो रांगेत. ही रांग दोन आकड्यांवर ठरते: मिनिटाला किती लिटर येतात आणि किती माणसं येतात. स्फिअर मानकांत एका हातपंपावर ५०० माणसं धरली आहेत, मिनिटाला १७ लिटरच्या हिशेबानं. माणशी १५ लिटर म्हणजे ७,५०० लिटर, म्हणजे अखंड सात तास वीस मिनिटं पंप मारणं. तोच पंप हजार माणसांवर आला की पंधरा तास होतात, आणि मग बायका पहाटे तीनला निघतात. झऱ्याचं उदाहरण आणखी वाईट. मिनिटाला ६ लिटरची धार असेल तर एक कॅन तीन मिनिटं वीस सेकंदांत भरतो. कोरड्या महिन्यात तीच धार मिनिटाला २ लिटरवर आली की एका कॅनला दहा मिनिटं. पुढे ३० कॅन असले की पाच तास तिथेच गेले.

आणि पंप बंद पडतो तेव्हा जुनी वाट पुन्हा सुरू होते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही वेळी चारांतला साधारण एक हातपंप बंद असतो. नवा पंप बसवल्याच्या बातम्या येतात, तो तीन वर्षांनी बंद पडल्याची बातमी कुणी देत नाही. म्हणून दुरुस्तीविषयी इथे थोडं तपशिलात सांगतो, कारण बिघाडाची लक्षणं पाणी भरणाऱ्या बाईला सर्वांत आधी कळतात. सकाळी बराच वेळ दांडा मारल्यावर पाणी येत असेल, तर तळाची झडप किंवा उभा पाइप गळतो आहे आणि पाण्याचा स्तंभ रात्रीतून खाली उतरतो आहे. दांडा नेहमीसारखाच चालतो पण धार बारीक झाली, तर सिलिंडरमधल्या दट्ट्याचा रबरी वायसर झिजला आहे. दांडा अचानक हलका झाला आणि पाणीच बंद झालं, तर आतली सळई सुटली किंवा तुटली आहे. थोडा वेळ पाणी, मग हवा, असं होत असेल तर जमिनीतली पातळी सिलिंडरपर्यंत उतरली आहे. इथे वायसर बदलून काही होणार नाही.

पाणी तांबूस येऊ लागलं आणि लोखंडी चव लागली, तर बहुतेक वेळा भूजल आम्लधर्मी असून गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजतो आहे. असा पंप चालू असतो, पण लोक तो सोडून पुन्हा ओढ्यावर जातात, कारण त्या पाण्यात कपडे पिवळे पडतात आणि अन्नाला चव येते. तिथे प्लास्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पाइपच लागतो. पंपाची निवडही इथेच महत्त्वाची ठरते. इंडिया मार्क २ दणकट आहे, पण त्याचा वायसर बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्यासाठी खास अवजारं आणि चार-पाच माणसं लागतात. ॲफ्रिडेव्हमध्ये दट्ट्या आणि तळाची झडप पाइपातूनच वर काढता येते, त्यामुळे थोड्या प्रशिक्षणावर गावातली माणसंही वायसर बदलू शकतात. केनियातल्या क्युसो भागात पंपांच्या दांड्यांत हालचाल नोंदवणारी यंत्रं बसवून, बिघाड कळताच माणूस पाठवण्याची पद्धत वापरून पाहिली गेली. पंप बंद राहण्याचा काळ काही आठवड्यांवरून दोन-तीन दिवसांवर आला. यंत्रापेक्षाही, दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कुणाची हे ठरलेलं होतं, याचं श्रेय आम्ही जास्त मानतो.

वाट कमी करायचे दुसरे मार्गही आहेत. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४० चौरस मीटरच्या पत्र्यावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी १९,२०० लिटर जमतात. ब्राझीलच्या ईशान्येकडील अर्धकोरड्या भागात २००३ पासून घरोघरी १६,००० लिटरच्या सिमेंटच्या टाक्या बांधल्या गेल्या. पाच माणसांना आठ कोरडे महिने माणशी १३ लिटर, असा तो हिशेब बसतो. पहिल्या पावसाचं पाणी छपरावरची धूळ आणि विष्ठा घेऊन येतं, ते टाकीत न घेता बाजूला सोडावं लागतं. हे विसरलं की सगळी टाकी खराब.

ओझं हलकं करणारी साधनं तात्पुरती असली तरी खरी मदत करतात. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये तयार झालेला हिप्पो रोलर, म्हणजे जमिनीवरून ढकलत नेण्याचं ९० लिटरचं पिंप, एका फेरीत साडेचार कॅनचं काम करतो. सपाट, घट्ट वाटेवर तो उत्तम. उभ्या उतारावर भरलेलं पिंप आवरणं धोक्याचं असतं, आणि खोल वाळूत ते रुततं.

नेमका कोणता उपाय हे ठरवायला पाणवठ्यावर एक पूर्ण दिवस मोजणी करावी, आणि ती सर्वांत कोरड्या महिन्यात. पहिला कॅन येण्याआधी बसायचं, शेवटचा गेल्यावर उठायचं. किती कॅन भरले, कोण घेऊन आलं, रांगेत किती वेळ गेला, एक कॅन भरायला किती सेकंद लागले, हे लिहायचं. त्यासोबत पाणी भरणाऱ्यांनाच विचारायचं की कोणता जवळचा स्रोत त्यांनी सोडला आणि का. समजा ३२० माणसांच्या वस्तीत दिवसभरात १७६ कॅन गेले. म्हणजे ३,५२० लिटर, माणशी ११. माणशी २० लिटर द्यायचे तर ६,४०० लिटर हवेत. झऱ्याची धार मिनिटाला ८ लिटर असेल, तर चोवीस तासांत ११,५२० लिटर येतात आणि त्यातले बरेचसे रात्री वाहून जातात. इथे पाणी पुरेसं आहे, अडचण अंतराची आहे. झरा बांधून घ्यायचा, रात्रीचं पाणी धरणारी टाकी करायची आणि वस्तीपर्यंत पाइप आणायचा; झरा उंचावर असेल तर उताराच्या जोरावर, खाली असेल तर सौरपंपानं. धार मिनिटाला ४ लिटर असेल, तर आताचे ३,५२० लिटर भरायलाच पावणेपंधरा तास लागतात आणि अख्ख्या दिवसरात्रीत ५,७६० लिटरच येतात. तिथे पाइप टाकूनही टंचाई तशीच राहील. टाकीच्या जोडीला दुसरा स्रोत शोधावा लागेल.